खारे वारे आणि जुनी विमानं



२५ डिसेंबर २०२५ पासून आपल्या पनवेल-उरणच्या आभाळातून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनरची जहाजं, अटल सेतूवर गाड्या आणि आता डोक्यावर विमानं. या नव्या विमानांविषयी घरोघरी बोलणं होतंच. नोकऱ्या कुणाला मिळाल्या, जमिनीचं काय झालं, आवाज किती होतो. आज मात्र आपण जुन्या विमानांविषयी बोलू. काम संपलेली विमानं कुठे जातात, त्यातली काही लोक का जपतात, कशी जपतात, आणि जपली नाहीत तर काय हरवतं.

तुमच्यातली एखादी लगेच म्हणेल, "अहो, आमच्या नळाला पाणी नाही आणि तुम्ही जुन्या विमानांचं काय घेऊन बसलात?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आम्ही आत्ताच देत नाही. आधी काम कसं चालतं ते ऐका, मग आपणच ठरवू.

कापडाचं विमान

१५ ऑक्टोबर १९३२ या दिवशी जे. आर. डी. टाटा 'पुस मॉथ' नावाचं एका इंजिनाचं छोटं विमान घेऊन कराचीहून निघाले. अहमदाबादला थांबून ते मुंबईत जुहूला उतरले. विमानात प्रवासी नव्हते, टपाल होतं, सुमारे २५ किलो पत्रं. अहमदाबादला विमानाचं पेट्रोल डब्यांत भरून बैलगाडीवरून आणलं होतं. जुहूचा विमानतळ म्हणजे समुद्राकाठची सपाट जमीन. पावसाळ्यात ती चिखलपाण्याखाली जायची, मग सगळं बिऱ्हाड पुण्याला हलवावं लागायचं. याच टपालसेवेतून पुढे एअर इंडिया उभी राहिली.

त्या काळची छोटी विमानं आजच्यासारखी सगळी धातूची नसत. सांगाडा लाकडाचा किंवा पोलादी नळ्यांचा असायचा आणि त्यावर चक्क कापड चढवलेलं असायचं. जवसाच्या खोडातून जो धागा निघतो त्याचं कापड, म्हणजे लिनन, किंवा मग घट्ट विणीचं सुती कापड. पंखाच्या आत आपल्या बरगड्यांसारख्या लाकडी फासळ्या असतात. कापड त्या फासळ्यांना मेण लावलेल्या दोऱ्यानं ठरावीक अंतरावर टाके घालून शिवायचं. टाक्यांवरून कापडाची पट्टी चिकटवायची. त्या पट्टीची कड सरळ न कापता करवतीच्या दातांसारखी कापायची, म्हणजे धागे सुटत नाहीत. गोधडी शिवणारीला किंवा शिवणक्लास केलेल्या मुलीला यातलं काही नवीन वाटणार नाही. परदेशातल्या विमान कारखान्यांत हे शिवणकाम बहुतेक बायकाच करत.

शिवून झालं की कापडावर 'डोप' नावाचं द्रावण हातावर हात देऊन लावतात. ते वाळताना कापड आकसतं आणि ढोलकीच्या कातड्यासारखं ताठ होतं. वरच्या हातांमध्ये अॅल्युमिनियमची पूड मिसळतात, कारण उन्हानं कापड कुजतं आणि ही पूड ऊन परतवते. असं विमान आज जपायचं म्हणजे दर काही वर्षांनी कापडाचा जोर तपासायचा. तो कमी भरला तर सगळं कापड उतरवायचं, आतलं लाकूड कुठे किडलंय, कुठे सरस सुटलाय ते बघायचं आणि नव्यानं शिवून चढवायचं. हे काम यंत्रानं होत नाही, ते जाणत्या हातांनीच करावं लागतं. असे हात उरले नाहीत तर विमान असूनही जपता येत नाही.

पहिल्या उड्डाणाला ५० वर्षं झाली तेव्हा, १५ ऑक्टोबर १९८२ ला, जेआरडींनी तोच कराची ते मुंबई प्रवास पुन्हा केला. त्यांचं वय तेव्हा ७८ होतं आणि विमान होतं 'लेपर्ड मॉथ', म्हणजे पुस मॉथच्याच घराण्यातलं. इतकं जुनं विमान त्या दिवशी समुद्रकाठानं उडू शकलं, कारण ते उडण्याजोगं ठेवायला कुणीतरी हात लावत होतं.

जर्मनच्या पातेल्याला खळगे का पडतात

पुढे विमानं धातूची झाली. मुख्य धातू अॅल्युमिनियम, आपण ज्याला जर्मन म्हणतो तोच, पण ताकद यावी म्हणून त्यात तांब्यासारखे दुसरे धातू मिसळलेले. धातूचं विमान कापडाच्या विमानापेक्षा जास्त टिकेल असं वाटतं. पण आपल्या किनाऱ्यावर राहणाऱ्या बाईला विचारा. मीठ लावलेली मासळी जर्मनच्या भांड्यात ठेवली की काय होतं? भांड्याला पांढरी भुकटी येते आणि बारीक बारीक खळगे पडतात. विमानाचंही तेच होतं. खारे वारे मीठ घेऊन येतात, ते पत्र्याच्या सांध्यात बसतं, दमट हवेनं ओलं होतं आणि आतल्या आत धातू खात राहतं.

त्यातही एक खोच आहे. दोन वेगवेगळे धातू एकमेकांना टेकलेले असले आणि मध्ये खारं पाणी गेलं की त्यातला एक धातू झपाट्यानं झिजतो. अॅल्युमिनियमच्या पत्र्यात पोलादी बोल्ट असला तर बोल्टाच्या भोवतीचा अॅल्युमिनियम खाल्ला जातो. म्हणून बाहेरून चकचकीत रंगवलेलं विमान आतून पोखरलेलं असू शकतं. वरून रंगाचा हात मारला की जपणूक झाली, असं मुळीच नाही. गंजावर रंग दिला तर गंज फक्त झाकला जातो.

मग करायचं काय? गोड्या पाण्यानं धुवायचं, कोरडं करायचं. पोटाखाली पाणी निथळण्याची जी भोकं असतात ती बुजू द्यायची नाहीत. सांध्यांवर गंजरोधक तेल किंवा मेण लावायचं. इंजिनाच्या तोंडाला आणि इतर भोकांना झाकणं किंवा जाळ्या बसवायच्या, नाहीतर पाखरं घरटी करतात, आणि त्यांच्या विष्ठेनंही धातू खराब होतो. काचेसारखी दिसणारी वरची टोपी प्लास्टिकची असते, ती उन्हानं पिवळी पडते, म्हणून तिच्यावर कापडी झाकण घालायचं. चाकांवर सगळा भार राहू द्यायचा नाही, खाली टेकण द्यायचं. आपण पावसाळ्याआधी होडी वर ओढून घेतो, खरवडतो, तेल-रंग लावतो, वरून झापं घालतो, त्याच जातीचं हे काम आहे. फरक एवढाच की होडी पुन्हा पाण्यात जाऊन आपला खर्च भरून काढते, उभं विमान काही कमावत नाही.

हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर गोव्याला जावं. दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. ते १९९८ मध्ये सुरू झालं. तिथे 'सी हॉक', 'अलिझे', 'सी हॅरियर' अशी नौदलाची विमानं आहेत. चार पंख्यांचं मोठं 'सुपर कॉन्स्टेलेशन' आहे. ते आधी एअर इंडियाचं प्रवासी विमान होतं, मग हवाई दलाकडे आणि शेवटी नौदलाकडे आलं. बरीच विमानं उघड्यावर, समुद्राच्या हवेत उभी आहेत. गोव्याचा पाऊस आपल्यासारखाच. तिथे गेलात तर विमानाच्या रंगाकडे पाहू नका, सांध्यांकडे आणि खिळ्यांच्या ओळींकडे पाहा. जपणूक कशी चालली आहे ते तिथे कळतं.

समोरच्या काठावर मोडलेली विक्रांत

आता आपल्या खाडीची गोष्ट. न्हाव्याच्या समोर, पाण्यापलीकडे मुंबईचा पूर्व किनारा आहे. तिथे दारूखान्याला जुनी जहाजं मोडतात. तिथेच 'विक्रांत' मोडली गेली.

विक्रांत ही भारताची पहिली विमानवाहू युद्धनौका. ४ मार्च १९६१ ला ती नौदलात दाखल झाली. तिच्या डेकवरून सी हॉक आणि अलिझे उडत. जहाजावर जागा थोडी, म्हणून या विमानांचे पंख मिटता येत. १९७१ च्या युद्धात याच विमानांनी बंगालच्या उपसागरातून चितगाव आणि कॉक्स बझार इथे हल्ले केले. ३१ जानेवारी १९९७ ला विक्रांत निवृत्त झाली आणि २००१ पासून मुंबईच्या बंदरात संग्रहालय म्हणून उभी राहिली. लोक जाऊन जहाज बघत, विमानं बघत, शाळांच्या सहली जात.

पण पाण्यात उभं असलेलं जहाज म्हणजे रोजचा खर्च. तळ गंजतो, पंप चालू ठेवावे लागतात, पत्रे बदलावे लागतात. कायमचं संग्रहालय करण्याच्या योजना झाल्या, पण तो खर्च उचलणारं कुणी पुढे आलं नाही. २०१२ मध्ये जहाज धोकादायक ठरून संग्रहालय बंद झालं. २०१४ मध्ये ते भंगारात विकलं गेलं. ते वाचावं म्हणून काही लोक न्यायालयातही गेले, यश आलं नाही. त्याच वर्षी दारूखान्याला मोडणी सुरू झाली. तिच्या पोलादातलं काही पुढे मोटारसायकली बनवायला वापरलं गेलं.

यातून काय घ्यायचं? विक्रांतवर प्रेम करणारे लोक कमी नव्हते. कमी पडली ती दर वर्षाची तजवीज. बचत गट चालवणारीला हे वेगळं सांगायला नको. शिलाई मशीन घेणं सोपं असतं, पण तेल, सुटे भाग आणि दुरुस्तीचे पैसे बाजूला ठेवले नाहीत तर दोन वर्षांत ते मशीन कोपऱ्यात जातं. जुन्या वस्तूचंही तसंच. उद्घाटनाला सगळे येतात, दहाव्या पावसाळ्यानंतर कोण येणार ते आधी ठरवावं लागतं.

पाटीवर खरं लिहायचं

जुन्या विमानांच्या जाणकारांमध्ये एक वाद नेहमी चालतो. विमान उडतं ठेवायचं की नुसतं उभं ठेवायचं? उडतं ठेवायचं तर जुने भाग काढून नवे घालावे लागतात, कारण जिवाचा प्रश्न असतो. उभं ठेवलं तर मूळ भाग राहतात, पण यंत्र मुकं होतं. फाळ बदलला, मग दांडा बदलला, तर नांगर तोच का, असा हा प्रश्न. दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत असतं. काय मूळचं आणि काय बदललेलं, याची नोंद हवी.

एक उदाहरण सांगतो. २७ ऑक्टोबर १९४७ ला सैनिकांना घेऊन डकोटा विमानं श्रीनगरला उतरली. त्यातल्या पहिल्या विमानाचा क्रमांक होता व्हीपी ९०५. २०१८ मध्ये एक जुनं डकोटा ब्रिटनमध्ये दुरुस्त करून, तिथून उडवत भारतात आणलं आणि हवाई दलाला भेट दिलं. त्याचं नाव 'परशुराम' ठेवलं आणि त्यावर व्हीपी ९०५ हा क्रमांक रंगवला. तो त्या पहिल्या विमानाचा मान म्हणून. हे विमान मात्र ते नव्हे, त्याच जातीचं दुसरं आहे. यात लबाडी काही नाही, पण पाटीवर एवढं लिहिलं नाही तर पुढची पिढी हेच ते विमान असं धरून चालेल.

नोंद नसली की काय होतं, तेही आपल्याकडे दिसतं. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं, असं आपण ऐकत आलो आहोत. तळपदे हे खरेच होऊन गेले, त्यांना विमानाचा ध्यास होता हेही खरं. पण ते उड्डाण झाल्याचा त्या वेळचा भक्कम पुरावा हाती नाही, यंत्रही राहिलं नाही. त्यामुळे एक बाजू अभिमानानं सांगते, दुसरी थट्टा करते, आणि माणसाचे खरे कष्ट दोघांच्या मध्ये हरवतात. वस्तू आणि कागद दोन्ही गेले की उरतो तो फक्त वाद.

कुणाचे हात नोंदीत येतात

नोंदीचा आणखी एक मुद्दा आपल्या जवळचा आहे. विमानाच्या गोष्टीत वैमानिकाचं नाव राहतं. बाकीच्यांचं?

१९७१ च्या डिसेंबरात भुजची धावपट्टी बॉम्बनं उखडली गेली. विमानं उतरणार कुठे? शेजारच्या माधापर गावातल्या सुमारे ३०० बायका कामाला लागल्या. विमानांचे भोंगे वाजले की झुडपांत लपायचं, शांत झालं की पुन्हा दगड, सिमेंट वाहायचं. ७२ तासांत धावपट्टी विमानं उतरण्याजोगी झाली. आज माधापरला त्यांचं स्मारक आहे. १५ ऑक्टोबर २०२१ ला मुंबईच्या आरोही पंडित या वैमानिक मुलीनं जेआरडींच्या उड्डाणाची आठवण म्हणून छोट्या विमानातून एकटीनं भुज, अहमदाबाद, जुहू असा प्रवास केला. कराची आता दुसऱ्या देशात, म्हणून सुरुवात भुजपासून. आपल्या मराठी कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी तर १९८५ मध्येच कोलकाता ते सिल्चर हे विमान नेलं होतं, सगळ्या बायकाच चालक असलेलं देशातलं पहिलं प्रवासी उड्डाण.

माधापरच्या बायकांची गोष्ट टिकली, कारण त्या हयात असताना लोकांनी त्यांना विचारलं आणि लिहून ठेवलं. पंखांचं कापड शिवणाऱ्या कितीतरी बायकांची नावं मात्र कुठेच नाहीत.

विमान दारात आलं तर

हे सगळं आत्ता सांगायचं कारण आहे. २६ सप्टेंबर २०२५ ला हवाई दलातलं शेवटचं मिग-२१ निवृत्त झालं. आपल्या राज्याचा या विमानाशी जवळचा संबंध. नाशिकजवळ ओझरचा हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ बनवण्यासाठीच उभा राहिला. निवृत्त लढाऊ विमानं चौकात, शाळा-महाविद्यालयांच्या आवारात उभी केलेली तुम्ही पाहिली असतील. उद्या तुमच्या तालुक्यात असं विमान येणार म्हणून सभा झाली, तर तिथे टाळ्या वाजवण्याआधी चार प्रश्न विचारा.

एक, वर्षाला धुण्या-पुसण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च कुणाच्या खात्यातून, आणि किती वर्षं? दोन, वर छप्पर आहे का? समुद्र जवळ असेल तर छपराविना विमान ठेवणं म्हणजे ते मिठात घालणं. तीन, ते निर्धोक केल्याचा दाखला आहे का? लढाऊ विमानात वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची असते, तिच्यात स्फोटक काडतुसं असतात, ती काढलेली असायला हवीत. फार जुन्या विमानांत अंधारात चमकणारे काटे रेडियमच्या रंगाचे असत, तेही तपासावे लागतात. चार, त्याचा क्रमांक, ते कधी बनलं, कुठे उडालं, हे कागद कोण सांभाळणार? या चारांची उत्तरं नसतील तर विमान नको म्हणायलाही हरकत नाही. गंजून मुलांच्या अंगावर पडण्यापेक्षा ते संग्रहालयात गेलेलं बरं.

बघायला मात्र जरूर जा. अटल सेतूवरून मुंबई आता जवळ आहे. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात 'मरुत' हे भारतातच आराखडा होऊन बनलेलं पहिलं जेट लढाऊ विमान आहे. गटाची सहल काढली तर मुलींना बरोबर न्या.

आता त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर

नळाला पाणी आधी, यात वादच नाही. पण या गोष्टींतून जे शिकायला मिळतं ते आपल्या कामाचं आहे. आपल्या भागात गेल्या ४० वर्षांत किती काही उठलं! बंदरासाठी जुना शेवा कोळीवाडा उठला आणि हनुमान कोळीवाडा वसला. विमानतळासाठी दहा गावं हलली, त्यात तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, कोपर, कोल्ही, चिंचपाडा ही गावं होती. उलव्याची टेकडी कापली, नदी वळवली. पन्नास वर्षांनी या विमानतळाचा इतिहास लिहिताना पहिलं विमान कुठलं, कोण उतरलं, हे सगळं सापडेल. तिथे आधी कुणाचं अंगण होतं, मिठागर कुठवर होतं, बायका कुठल्या वाटेनं शिंपल्या वेचायला जात, हे कोण सांगणार?

म्हणून प्रत्येक गटानं एक वही घालावी. दर बैठकीत वयानं मोठ्या एका बाईला बोलतं करावं. तिचं नाव, माहेर, जुनं घर कुठे होतं, काय काम करत होती, हे तिच्याच शब्दांत लिहावं आणि तारीख घालावी. जुना फोटो असेल तर मागे पेन्सिलीनं नावं लिहावीत, शाई फोटोत उतरते. जमिनीच्या कागदांच्या, जुन्या शाळेच्या दाखल्यांच्या, मासळीच्या हिशेबांच्या प्रती काढून कोरड्या डब्यात ठेवाव्यात. ऐकीव गोष्ट असेल तर 'ऐकीव' असंच लिहावं. आणि वही कुणाच्या ताब्यात, तिच्यानंतर कुणाच्या, हेही पहिल्याच पानावर लिहावं.

खारी हवा कागदालाही सोडत नाही. तेव्हा या पावसाच्या आधी वही सुरू करा.